शेवटच्या ओळीतला ई मायनर

साम्पालोक, मनिला
१० ऑक्टोबर १९९७

प्रिय मिला,

दाएतला तुम्ही सगळे सुखरूप आहात असं धरून चालतो. बाबांचा गुडघा, चर्चमधला तो दमेकरी ऑर्गन, शाळेतल्या नन्स, सगळं आपापल्या जागी असो. मी बरा आहे. खोकला गेला. आलिंग पासिंग अजून रोज जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसते. वरच्या मजल्यावरचं पोरगं खालच्या मजल्यावरच्या पोरीशी किती मिनिटं बोललं, हे घरमालकीण म्हणून तिला कळलंच पाहिजे. दरवर्षीसारखी सप्टेंबर लागल्यापासून तिने नाताळची गाणी लावलीत. तीच कॅसेट, तोच ताणलेला तुकडा. तो आला की मी अजून खालच्या मजल्याच्या दाराकडे बघतो. तू तिथे नाहीस हे मानेला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांतलं हे माझं अकरावं पत्र. उत्तर नाही म्हणून तक्रार करायची नाही, असं ठरवून बसलोय. एक पोस्टकार्ड आलं होतं तुझं. मायना नाही, सही नाही, एक ओळ. तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. आता चिडत नाही. पण त्या कार्डाविषयी आज लिहायचं नाही.

आज बातमी लिहायचीय. तुझ्यापर्यंत पोचली असेलच, तरी माझ्याकडून कळावी.

पोस्पोरो थांबतायत.

मंगळवारी दुपारी आम्ही कचेरीत होतो. ‘क्वेर्दास’चा पुढच्या महिन्याचा अंक, गाणी आणि त्यांचे कॉर्ड, छपाईला जायचा होता, आणि मांग सेलो, आमचे संपादक, नेहमीसारखे एका गाण्याचे शब्द कापत होते, कारण पानात मावत नव्हते. रेडिओवर बाई म्हणाली की पोस्पोरो बँड या वर्षअखेर थांबणार, शेवटचा कार्यक्रम तीस नोव्हेंबरला, कुबाओच्या गोल सभागृहात. मांग सेलोंनी कात्री खाली ठेवली. छपाईचे खिळे जुळवणारे दोघे उठून रेडिओपाशी आले. मग मांग सेलो म्हणाले, “बघा. पंचवीस वर्षं मी गाण्यांची पुस्तकं काढतोय. लोक पुस्तक घ्यायचे परक्या गाण्यांसाठी. या पोरांमुळे आपल्या गाण्यांची पानं पुढे आली आणि त्यांची मागे गेली.” आणि डोळे पुसायचे म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

मिला, तुला ती पहिली संध्याकाळ आठवते? कामियास रस्त्यावरची ती खानावळ, मधोमध खांब असलेली. मी स्थापत्यच्या दुसऱ्या वर्षाला होतो, अजून वर्गात जात होतो. तू संगीताच्या पहिल्या वर्षाला. आपली ओळख आठ दिवसांची, आणि तुला कुठे न्यावं हे मला कळत नव्हतं. म्हणून जिथे बँड फुकट ऐकायला मिळतो तिथे नेलं. त्या काळी बँड म्हणजे काय, तर प्लाकादो वाजवणारे. परदेशी गाणं तबकडीवर जसं आहे तस्सं, गायकाचा श्वाससुद्धा त्याच जागी. नाही जमलं तर मालक पुढच्या शुक्रवारी दुसरा बँड आणणार.

आणि पोस्पोरोंना ते जमत नव्हतं. गोरियो शब्द विसरायचा. बादोंग बास गिटारवर मधेच स्वतःचं काहीतरी घुसवायचा. तेस्सीचे ड्रम मात्र घड्याळासारखे. मालक काउंटरमागून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला की तबकडीसारखं येत नसेल तर आत या, ताटं धुवायची पडलीत. गोरियोने गिटार उतरवलं नाही. तो शांतपणे म्हणाला, “मग आमचंच वाजवतो. त्याची तबकडीच नाही. चुकलं कसं म्हणाल?”

आणि वाजवलं. आपल्या भाषेत, आपल्या गल्लीतलं, प्रवाशांनी भरलेल्या जीपनीच्या मागच्या दांडीला लोंबकळणाऱ्या माणसाचं गाणं. मी जेवायचा थांबलो. तू माझं मनगट धरलंस. (तुला ते आठवत नसेल. मला आठवतं.) तू म्हणालीस, “इंगो, यांना कळत नाहीये हे काय करतायत.” मी म्हटलं, मलाही कळत नाहीये. तू म्हणालीस, “तुला कळणारच नाही, तू नुसतं वरचं ऐकतोस.”

त्यानंतर आपण काय काय पाहिलं. पहिली कॅसेट ते पावाच्या कागदी पिशव्यांत घालून विकत होते, गोरियोच्या मावशीची बेकरी म्हणून. माझ्या कॅसेटमध्ये पावाचा चुरा निघाला होता. मग रेडिओ. मग जीपनीवाले. मग एक दिवस आपण सांताक्रूझहून चालत आलो आणि प्रत्येक कोपऱ्यावर कोणीतरी पोस्पोरोच वाजवत होतं, चुकत, अडखळत. तू म्हणालीस, पूर्वी या गल्लीत एक गिटार होतं, आता मोज. सात होती. गिटारं विकणाऱ्यांनी पोस्पोरोंना नवस बोलायला हवा होता. ज्यांना कोणाचीच नक्कल जमत नव्हती, त्यांची नक्कल आता अख्खा देश करत होता.

परवा वरच्या मजल्यावरचा वैद्यकी शिकणारा एक जण म्हणाला की बरं झालं थांबले, दोन वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं. मी चप्पल फेकून मारली. त्याला लागली नाही, आलिंग पासिंगच्या संत अँथनीच्या मूर्तीला लागली. आता आठवडाभर जिना झाडणं माझ्याकडे आहे.

तर. सोबत एक तिकीट आहे. माझ्या शेजारची खुर्ची. तू ये, एवढंच मागायचं होतं. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पोस्पोरो पहिल्यांदा आपण एकत्र ऐकले, शेवटचेही एकत्र ऐकू. मग पहिल्या बसने परत जा, मी थांबवणार नाही.

कॅसेट ऐकून कॉर्ड लिहायचं माझं काम चांगलं चाललंय. मांग सेलो सगळ्यांना सांगतात की मारासिगनचा कान म्हणजे सोनं. असो.

तुझाच,
इंगो


साम्पालोक
१ डिसेंबर १९९७

प्रिय मिला,

बाबांना नमस्कार सांग. बाकी विचारपूस पुढच्या पत्रात.

तू आली नाहीस. ठीक आहे. कार्यक्रम सुरू होईपर्यंत मी दारापाशी उभा होतो. पहारेकरी म्हणाला आत जा नाहीतर बाहेर जा, त्यावरून थोडी धक्काबुक्की झाली, शर्टाचं बटण गेलं. तुला मी ओळखीचा वाटलो असतो.

तुझ्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली होती. शेजारी उभा एक गलेलठ्ठ जीपनीवाला दर दोन गाण्यांनी विचारायचा, कोणी येणार आहे का? येणार आहे, मी म्हणायचो. पाचव्यांदा तो म्हणाला, “बाळा, येणारं माणूस एवढ्यात आलं असतं. माझे पाय सुजलेत.” माझा हात उठलाच होता. पण त्याने मला बाळा म्हटलं होतं. मी पिशवी उचलली.

सगळं लिहीत नाही, लिहिता येणार नाही. वीस हजार माणसं, मिला. कचेरीतले साहेब, मासळीवाल्या, शाळेचे गणवेश, दोन नन्स. पहिल्या गाण्याला गोरियोने तोंड उघडलं आणि त्याला गाऊच दिलं नाही कोणी. सगळं त्यांनीच म्हटलं. तो माइकपासून दोन पावलं मागे सरकला आणि नुसता बघत राहिला, भर समुद्रात होडी थांबवून कोणी पाणी बघावं तसा. तेस्सी ड्रम वाजवता वाजवता रडत होती आणि ठोका एकदाही हलला नाही. ज्यांना खानावळीत ताटं दाखवली गेली, त्यांच्यासाठी छप्पर हलत होतं. मी घाबरलो, खरं सांगतो. इतकं मोठं काही माणसं मिळून करू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

शेवटचं गाणं ‘भात निवतोय’ असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तू गेल्यावर आलेलं ते गाणं. ताट वाढून वाट बघणाऱ्या माणसाचं. तुझ्याबरोबर न ऐकलेलं ते पहिलं.

त्याची शेवटची ओळ तीनदा येते. आपल्या लोकांचं तुला माहीत आहे, चार माणसं जमली की दोन मूळ चाल धरणार आणि दोन न सांगता दुसरा आवाज लावणार. माझ्या शेजारच्या जीपनीवाल्याने दुसरा लावला. खाली, जाड, बिनचूक. ‘ये, भात निवतोय’, आणि शेवटच्या शब्दावर तो उतरला तो ई या स्वरावर. ई मायनरच्या तळावर. नुसता तो नाही. त्याच्यापलीकडचे, खालचे, समोरच्या सज्ज्यातले. अर्धं सभागृह त्या स्वरावर जाऊन बसलं, आणि मंचावर बादोंग बासवर मूळ गाण्यातला जी धरून उभा. पहिल्या वेळी तसंच. दुसऱ्या वेळी तसंच, एका घरात दोन माणसं अबोला धरून बसावीत तसं. तिसऱ्या वेळी बादोंगने गोरियोकडे पाहिलं. गोरियोने डोळे मिटले, मान हलवली. आणि बादोंगचं बोट खाली आलं. जीवरून ईवर.

मिला, त्या क्षणी काय झालं ते मला लिहिता येत नाही. आवाज वाढला नाही, उलट सगळं खोल गेलं. वीस हजार माणसांना एकदम कळलं की आता कोणी येणार नाही, आणि तरी ताट उचलायचं नाही. गाणं संपलं तरी टाळी पडेना.

मी जीपनीवाल्याला विचारलं, हा दुसरा आवाज कुठे शिकलात. तो म्हणाला, “कुठे म्हणजे? पुस्तकात आहे. भाच्याकडे ‘क्वेर्दास’ आहे, त्यात शेवटी ई मायनर. सगळे तसंच वाजवतात.” मग माझ्याकडे बघून, “तुला नाही का येत?”

मला तिथून पळून जायचं होतं, पण गर्दी इतकी होती की पळताही येईना.

तुला एक गोष्ट सांगायचीय. उद्या लिहीन.

इंगो


साम्पालोक
१४ डिसेंबर १९९७

मिला,

उद्या म्हटलं आणि दोन आठवडे गेले. परवापासून नाताळाआधीच्या पहाटेच्या नऊ प्रार्थना सुरू होतील आणि तुला ऑर्गनवरून उठायला मिळणार नाही. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून आज, रविवारी, बसलोय. तू सुखरूप अस. माझी खुशाली खाली कळेलच.

गेल्या सोमवारी गोरियो कचेरीत आला. रबरी चपला, हातात एक खोकं. मांग सेलोंना वाटलं, कापलेल्या शब्दांबद्दल भांडायला आलाय. ते उठून आतल्या खोलीत लपायला निघाले. पण त्याने एवढंच विचारलं की ‘भात निवतोय’चे कॉर्ड कोणी बसवले. मांग सेलो लगेच परत फिरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हा. हा आमचा कान.”

गोरियो माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. त्याला मी पाच वर्षं लांबून बघतोय. जवळून त्याची नखं पिवळी आहेत आणि तो फार हळू बोलतो. तो म्हणाला, “तो ई मायनर कुठून आणलास?”

मी टेबलावरची प्रूफं सारखी करत राहिलो. तोच पुढे बोलत राहिला. गाणं लिहिलं तेव्हा ती येणार होती, तो म्हणाला, कोण ते सांगितलं नाही. म्हणून शेवटी जी ठेवला, दार उघडं ठेवावं तसा. ती आली, आणि वर्षाच्या आत निघूनही गेली. “मी तरी जीच वाजवत राहिलो. हट्टाने. प्रत्येक गावात खालून लोक मला सांगायचे की बाबा, ती येत नाहीये. मी म्हणायचो, गाणं माझं आहे, तुम्ही कोण. परवा शेवटी म्हटलं, हे सगळे मिळून खोटं बोलत नसतील.” मग माझ्याकडे वाकून म्हणाला, “हे तुला माझ्याआधी कळलं. कसं?”

मिला, पोस्पोरोचा गोरियो मला विचारत होता. मी नुसतं हसलो असतो आणि खांदे उडवले असते तरी पुरलं असतं. जन्मभर सांगायला झालं असतं. आणि खोटं सांगत नाही, ओठ तसे व्हायला लागले होते.

पण त्याने खोकं उघडलं. आत ‘क्वेर्दास’चे जुने अंक, चौऱ्याण्णव आणि पंच्याण्णवचे. त्यांच्या सगळ्या गाण्यांचं एक पुस्तक काढायचंय, बँड थांबला तरी गाणी नीट राहावीत म्हणून. त्यासाठी तो अंक तपासत होता. म्हणाला, त्या दोन वर्षांत आमची एकेचाळीस गाणी छापली तुम्ही, एकात चूक नाही. माझ्या वहीत चुका आहेत, यात नाहीत. “त्या लोंबकळणाऱ्या माणसाच्या गाण्यात तेस्सीच्या ड्रममागे बादोंग एकदाच अर्धा स्वर खाली घेतो. तो स्वतः विसरला होता. पुस्तकात बघून म्हणाला, अरे, हे तर मी केलं होतं.” असं म्हणून त्याने माझ्यापुढे पान धरलं. खाली बारीक अक्षरात, कॉर्ड्स : दो. मारासिगन.

तो अर्धा स्वर मला चांगला आठवतो. तू जिन्याच्या सातव्या पायरीवर बसली होतीस, गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकून. कॅसेट पेन्सिलीने मागे फिरवत होतीस, बॅटरी वाचवायला. चौदा वेळा ऐकलंस तू ते. मी त्या वेळी खाली आलिंग पासिंगला तिच्या भाच्याच्या लग्नाबद्दल विचारत उभा होतो, तिने वर बघू नये म्हणून. माझं योगदान ते.

मी गोरियोला म्हटलं, “ही एकेचाळीस माझी नाहीत.”

मांग सेलो हसले. त्यांना वाटलं मी नम्रपणा करतोय.

मी सांगितलं. सगळं, त्यांच्या देखत. की मला जी आणि ई मायनरमधला फरक कधीच नीट कळला नाही. की कॉलेज सोडलं तेव्हा घरी तोंड दाखवायला काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी कान आहे असं सांगून इथे शिरलो. ऐकत होती मिलाग्रोस ओबियास, मी फक्त लिहून घेत होतो. ती गेल्यावर काय केलं तेही सांगितलं. कुबाओच्या बाजारात गिटारवाल्यांना कॅसेट ऐकवायचो, ते वाजवून दाखवायचे, मी टिपायचो. फक्त ‘भात निवतोय’ मी एकट्याने केलं होतं, कारण ते मला कोणासमोर ऐकवत नव्हतं. माझ्या त्या फुटक्या टेपवर बास ऐकूच येत नाही. मला जे वाटलं ते लिहिलं.

“म्हणजे चूक,” गोरियो म्हणाला.

“चूक.”

त्याने अंक मिटून खोक्यात ठेवला. मग म्हणाला, असू दे, ती तुझी आहे, कोणी घेणार नाही. पण हसत होता.

मांग सेलोंचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, “मग इतकी वर्षं तू इथे नेमकं काय करत होतास?” मी म्हटलं, अक्षर माझं आहे. ते म्हणाले, तेही काही विशेष नाही. शुक्रवारपासून मी तिथे नाही. जाताना त्यांनी माझ्या हातात फणसाच्या चिप्सची पुडी कोंबली आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी बाहेर पडलो तेव्हा आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

आता ते, जे मी बारा पत्रांत लिहिलं नाही.

‘क्वेर्दास’च्या वाढदिवसाच्या जेवणात, पंच्याण्णवच्या डिसेंबरात, मांग सेलोंनी मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाचं कौतुक केलं. तू माझ्या शेजारी बसली होतीस. तू ताटातून वर पाहिलंस, माझ्याकडे, आणि थांबलीस. तुला वाटलं मी आता सांगेन. दोन वर्षं तू एकच गोष्ट मागितली होतीस, तीही कधी हट्टाने नाही, की खाली दोन नावं छापू या. मी उभा राहिलो. आणि वाकून नमस्कार केला. टाळ्या घेतल्या.

घरी येताना जिन्यावर तू विचारलंस, “तुला एकदाही वाटलं नाही का, की नाव घ्यावं?” मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मला आहे. मी म्हणालो, “तुझं नाव बघून पुस्तक कोण विकत घेणार आहे?”

तू पहाटेच्या बसने गेलीस. मी वर माझ्या खोलीत जागाच होतो. तुझी पेटी गल्लीतल्या फरशांवर आपटत गेल्याचा आवाज मोजला. एकवीस. आणि उठलो नाही. मला वाटलं, आठवड्यात परत येईल. मला वाटलं, चूक तिची आहे. मी बावीस वर्षांचा गाढव होतो. आता चोवीसचा आहे.

मग मार्चमध्ये तुझं ते पोस्टकार्ड. ‘शेवटचा कॉर्ड चुकलाय. जी आहे. तळ ऐक.’ मी ते चुरगाळलं. मग त्याच दुपारी कचेरीतल्या चांगल्या मशीनवर, कानाला लावून, ऐकलं. जी. स्वच्छ. माझ्यासारख्यालाही ऐकू आला. मांग सेलोंना एक शब्द सांगितला असता तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापली गेली असती. मी सांगितलं नाही. दुरुस्ती छापणं म्हणजे अजून तुझ्याच कानांनी चाललंय हे कबूल करणं. ते गाणं नंतर तीनदा पुन्हा छापलं, तीनही वेळा प्रूफ माझ्या हातात होतं. तीनही वेळा मी तो ई मायनर तसाच जाऊ दिला. अख्ख्या देशाला मी माझ्या रागातून एक स्वर शिकवला, आणि देशाने तो गायला, आणि ज्याचं गाणं त्याने मान तुकवली. हे मोठं आहे की भयंकर, मला ठरवता येत नाही. त्या रविवारी छपराखाली उभं राहून मला दोन्ही वाटत होतं. अजून वाटतं.

गोरियोने माझ्याकडून तुझा पत्ता घेतला. त्याचं पत्र तुला वेगळं येईल, पण तो लिहायला आळशी आहे म्हणून निरोप मी देतो. सगळी एकसष्ट गाणी, अगदी शेवटची, न आलेली तीनसुद्धा, तू ऐकून लिहावीस अशी त्याची इच्छा आहे. कॅसेट या पाकिटात आहेत. बादोंग जानेवारीत जहाजावर चाललाय, तिथल्या बँडमध्ये. बारा महिने परदेशी गाणी, प्लाकादो. गोरियो हे सांगताना हसला नाही, मीही नाही. जाण्याआधी बादोंग दाएतला येऊन तुला हवं ते वाजवून दाखवेल. पहिल्या पानावर एकच नाव असेल, ‘कॉर्ड्स : मिलाग्रोस ओबियास’. मी कच्चं पान स्वतः बघून आलो. माझं नाव कुठेही नाही, आणि ते मीच सांगितलं. हे कौतुकासाठी लिहीत नाही. तुला पान उघडताना धास्ती वाटू नये म्हणून लिहितो.

‘भात निवतोय’ला शेवटी काय छापायचं, हे मी गोरियोला विचारलं. तो म्हणाला, आता तिला विचारा. तेव्हा तू ठरव. जी लिहिलास तर तो मूळ आहे आणि तू पहिल्यापासून बरोबर होतीस. ई मायनर लिहिलास तर तो लोकांचा आहे, माझा नाही, हे लक्षात ठेवून लिही. मला विचारू नकोस. माझं मत घेण्यासारखं त्यात काही नाही.

उद्यापासून मी पाको स्टेशनजवळच्या एका बांधकामावर जातो. तीन वर्षं शिकलेलं काही उपयोगी पडतंय का बघू. कॉलेजात परत नाव घालायचं म्हणतोय, जूनमध्ये. हे तुला बरं वाटावं म्हणून नाही. बहुतेक नाही.

मला उत्तर देऊ नकोस, मिला. दिलंस तर मी आलिंग पासिंगला नाचवीन, पण देऊ नकोस म्हणतोय ते मनापासून. तो वेळ गाण्यांना दे. रस्त्यात गिटार घेऊन बसलेली ती सगळी माणसं आता खरं पुस्तक मागतायत, आणि ते लिहिणारं माणूस या देशात एकच आहे. ती वाट बघतील.

त्यांच्यातलाच एक,
दोमिंगो मारासिगन